उन्हातल्या खड्ड्यांबद्दल

वरुड, ता. १२ एप्रिल

प्रिय सुहास,

मे महिन्यात पाच एकरांत संत्र्याचे खड्डे घ्यायचं तू पक्कं केलंस, ते वेळेच्या दृष्टीने बरोबर आहे. पावसाआधी खड्डे तापायलाच हवेत. पण त्या खड्ड्यांबरोबर माणसंही तापतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी कामाचा आकार बघ. ६ बाय ६ मीटरवर एकरी सुमारे १११ झाडं, म्हणजे पाच एकरांत ५५५ खड्डे, प्रत्येक ७५ सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल. सव्वादोनशे घनमीटरच्या वर माती हाताने वर काढायची. ट्रॅक्टरवरचा ऑगर, म्हणजे खड्डे पाडायचं गिरमिट, मिळाला तर उत्तमच, पण दगडाळ मुरुमात तो अडतो आणि कडा हातानेच तासाव्या लागतात. माणशी दिवसाला पाच खड्डे धरले तर आठ जणांचं हे चौदा दिवसांचं काम.

तुला दापोलीच्या उन्हाची सवय आहे, आणि नेमकी तीच इथे फसवेल. तिकडे हवा दमट, घाम टपटप गळतो, सदरा चिकटतो, त्यामुळे अंगातलं पाणी चाललंय हे कळतं. पण गळून पडलेला घाम अंग गार करत नाही. अंगावर वाळलेला घामच गार करतो. एक लिटर घाम वाळताना अंगातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. इथे मे महिन्यात ४४-४५ अंशांची कोरडी हवा घाम दिसायच्या आतच वाळवते. माणसाला वाटतं, आपल्याला फारसा घाम येत नाही. पाठीवर सदऱ्याला मिठाचे पांढरे पट्टे उमटलेले दिसले की समज, दोन-तीन लिटर केव्हाच गेलं आहे. खात्री हवी असेल तर धान्याच्या काट्यावर सकाळी आणि साडेदहाला वजन करून बघ. मधे खाल्लंप्यायलं वजा घालून एक किलो उतरलं, म्हणजे एक लिटर घाम गेला.

म्हणून तहानेवर विसंबू नका. दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला, २०० ते २५० मिलिलिटर. तासाला दीड लिटरच्या वर मात्र कोणीही पिऊ नये. नुसतं पाणी लिटरच्या लिटर ढोसलं आणि पोटात अन्न नसलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं. मग डोकं दुखतं, उलटी होते, आणि ‘ऊन लागलं’ म्हणून लोक आणखी पाणी पाजतात. सकाळी नऊला भाकरी, चटणी, कांदा आणि ताक झालंच पाहिजे. एक लिटर दह्यात तीन लिटर पाणी आणि चहाचे दोन सपाट चमचे मीठ, एवढं पुरे. रक्तदाबासाठी कोणाला मीठ कमी सांगितलं असेल किंवा लघवीची गोळी चालू असेल, तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचार. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायचं. एका पेल्यात ओतून घट्ट करून पिणं चूक आहे. पाकीट नसेल तर एक लिटरला चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. आठ जणांना दिवसाला ८० लिटर पिण्याचं पाणी धर, म्हणजे वीस लिटरचे चार जार. ते सावलीत ठेवून भोवती ओलं गोणपाट गुंडाळ.

आता मजुरीचं. खड्ड्यामागे पैसे ठरवू नकोस, निदान पहिला आठवडा तरी नाही. उक्तं दिलं की माणूस सावलीत बसत नाही, पाण्याला थांबत नाही, आणि उष्माघात गाठतो तो बहुधा उन्हात पहिल्या काही दिवसांतच. अंगाला ऊन सवयीचं व्हायला एक ते दोन आठवडे लागतात: घाम लवकर सुटायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, छातीची धडधड उतरते. नव्या माणसाला पहिल्या दिवशी एकच खड्डा दे, दुसऱ्या दिवशी दोन, असं करत पाचव्या दिवशी पाच. उन्हातल्या कामाची सवय असलेल्यांना पहिल्या दिवशी निम्मं, मग साठ टक्के, ऐंशी, आणि चौथ्या दिवशी पूर्ण. आठांत तिघे नवे धरले तर सगळ्यांचं मिळून जेमतेम दीड दिवसाचं काम मागे पडेल. ती दीड दिवसाची रोजंदारी खुशाल दे. आणि हा नियम तुलाही लागू आहे. बांधावर नुसतं उभं राहणं हेही तुझ्यासाठी नवं ऊन आहे.

वेळ सकाळी सव्वापाच ते साडेदहा. अंधुक उजेडात विंचू-सापासाठी टॉर्च हवा. संध्याकाळची पाळी लोक चारला लावतात, ते मला पटत नाही. सूर्य माथ्यावर बाराला असला तरी हवा सगळ्यांत तापते ती तीन-चारच्या सुमारास, आणि जमीन त्यानंतरही धग सोडत राहते. सावल्या लांबल्या म्हणजे ऊन उतरलं असं नाही. साडेपाच ते सात एवढंच ठेव. वीस मिनिटं खोदाई, दहा मिनिटं सावली, जोडीजोडीने. खड्ड्यात वारा लागत नाही, म्हणून विसावा खड्ड्याच्या काठावर नको, झाडाखाली हवा. कडुनिंब किंवा आंबा असेल तर तीच जागा धर. झाड नसेल तर आठ फूट उंच, चारही बाजू उघड्या, वर पऱ्हाटी (कापसाच्या वाळल्या काड्या) आणि गवत टाकलेला मांडव. खाली ताणलेली निळी ताडपत्री स्वतःच तापून डोक्यावर आग ओकते.

कपडे सैल, सुती, पूर्ण बाह्यांचे. दुपट्टा भिजवून डोक्या-मानेवर, आणि तो वाळायच्या आत पुन्हा भिजवायचा. वाळलेल्या दुपट्ट्यातून गरम वारा उलट अंग तापवतो. विसाव्यात हात कोपरापर्यंत गार पाण्याच्या बादलीत दहा मिनिटं बुडवून ठेवले तर चांगला उतार पडतो. बोअरच्या पाइपातलं पहिलं पाणी भाजणारं असतं, ते वाहून जाऊ दे. पहारी आणि टिकाव गोणपाटाखाली ठेव. खिशात कांदा ठेवून ऊन टळत नाही, तो भाकरीबरोबर खाल्लेला बरा. आदल्या रात्री दारू झालेला, जुलाब किंवा ताप असलेला माणूस त्या दिवशी कामावर नको.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. कोणी असंबद्ध बोलायला लागला, विनाकारण चिडला, झोकांड्या खाऊ लागला, किंवा त्याला फिट आली, तर तो उष्माघातच समज. अंगाला घाम असला तरीही. कोरड्या कातडीची वाट बघू नकोस. एकाने १०८ लावायचा, बाकीच्यांनी तिथेच गार करायला लागायचं. गाडीत घालून पळवण्यात गेलेला अर्धा तास मेंदूला महागात पडतो. सावलीत ताडपत्री पसर, त्याचे कपडे काढून त्याला मधे ठेव, चौघांनी कडा उचलून धरायच्या आणि शंभर-सव्वाशे लिटर पाणी, असेल तेवढा बर्फ घालून आत ओतायचं. डोकं वर धरून पाणी हलवत राहायचं, पंधरा-वीस मिनिटं किंवा तो शुद्धीवर येऊन नीट बोलेपर्यंत. बर्फ नसेल तर बोअरचं पाणी सतत ओतत टॉवेलने वारा घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाण्याचा थेंबही नको, आणि तापाच्या गोळीचा इथे उपयोग नाही. त्यासाठी ताडपत्री, भरलेलं २०० लिटरचं ड्रम आणि थर्माकोलच्या पेटीत दहा-पंधरा किलो बर्फ कामाच्या जागेवर रोज हवा, घरी नाही.

मजुरांच्या झोपायच्या जागेचं मात्र तू काही लिहिलं नाहीस. पत्र्याच्या खोलीत रात्रभर उकडून निघालेला माणूस सकाळी अर्धा दमलेलाच येतो. गच्ची किंवा अंगण बघून ठेव, मच्छरदाण्या मी देतो.

येताना दापोलीहून कोकमाचं आगळ आण, चार बाटल्या. इथे मिळत नाही. त्यात मीठ असतंच, सरबतात वरून घालायला नको, हे मजुरांना तूच सांग.

तुझा,
विलास