'पोर्तुगीज वाडा' म्हणण्याआधी

संपादक महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीतला गोव्यातल्या लोटली-चांदरच्या जुन्या घरांवरचा लेख आवडला. छायाचित्रे तर कापून ठेवण्याजोगी. पण मथळ्यापासून शेवटापर्यंत ही घरे 'पोर्तुगीज वाडे' म्हणून येतात, ते खटकले.

मुलगी पोर्तुगालमध्ये पोर्तोला नोकरीला असल्याने मला विला रिआल गावाबाहेरचा 'सोलार द मातेउश' पाहायला मिळाला. सोलार म्हणजे तिकडच्या सरदार-जमीनदारांचा वाडा. शब्द ऐकून छपरावरचे पाण्याचे बंब आठवतात, पण सूर्याशी त्याचा संबंध नाही; 'सोलो' म्हणजे जमीन, तिच्यावरून तो आला. कुळाचे मूळ ठिकाण असा त्याचा भाव.

मातेउशच्या तिसऱ्या 'मोर्गादो'ने, म्हणजे वारसदार धन्याने, आंतोनिओ जुझे बोतेल्यो मोरांव याने, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात हे घर उभारले. पोर्तोचा क्लेरिगुश मनोरा बांधणाऱ्या निकोलाव नासोनी या इटालियन माणसाची ही कल्पना मानली जाते. पुढे निघालेल्या दोन बाजू, मधे अंगण, त्यातून वर चढणारा दुहेरी जिना आणि थेट माथ्यावर घराण्याचे दगडी मानचिन्ह. भिंती पांढऱ्या, चौकटी, कोपरे, छपरावरचे सुळके मात्र सगळे ग्रॅनाइटचे. खिडकीच्या चौकटीवर हात ठेवला तर दगड खरखरीत, गार, आणि त्यावर दगडफुलाचे पिवळट डाग. आपण काळ्या मसाल्यात घालतो त्याचेच भाऊबंद असावेत. आत चेस्टनटच्या लाकडाची कोरीव छते. बाहेर छाटून बोगद्यासारखी केलेली सीडरची झाडे. आत शिरलो तर भर दुपारी अंधारून आले. (गुलाबी वाइनच्या चपट्या बाटलीवर याच घराचे चित्र असते. वाइन मात्र या घरची नव्हे.)

'मोर्गादो' हे धन्याचे नाव तसे मिळकतीचेही: अशी मिळकत, जी अखंड थोरल्याकडे जाते. विकता येत नाही, वाटताही येत नाही. राजघराण्याचा अपवाद सोडून ही पद्धत पोर्तुगालने १८६३ मध्ये बंद केली. तोवर मातेउशमध्ये भावकीला मधे भिंत घालायची सोयच नव्हती. आपल्याकडच्या वाड्यांत किती चुली झाल्या, हे वाचकांना सांगायला नको. चांदरच्या प्रसिद्ध ब्रागांझा घराच्याही दोन बाजू दोन शाखांकडे आहेत.

मातेउशसारख्या तिकडच्या घरांत खिडकीपाशी भिंतीच्या जाडीतच समोरासमोर दोन दगडी बैठका असतात. तिथे बसून बाहेरचे दिसते, पण बसणारा आतच राहतो. आता आपला बाल्कांव पाहा. दारापुढे, उघड्यावर, दोन्ही बाजूंना सोपे, म्हणजे बसायच्या बांधीव बैठका. रस्त्याने जाणाऱ्याला हाक मारायची, पाऊसपाण्याची चौकशी करायची, गावच्या बातम्या तिथेच ऐकायच्या. शब्द पोर्तुगीज आहे, पण बसण्याची सवय पडवी-ओट्यावरची आहे. खिडक्यांना शिंपल्यांचे तुकडे, भिंती चिऱ्याच्या, मधे राजांगण. दर्शनी भागावरची कमान आणि नक्षी तिकडची, हे नाकारायचे कारण नाही. पण ती उचलली गोमंतकीयांनी, स्वतःच्या पैशाने, आणि आपल्याला हवी तेवढीच.

चांदरचे ते घर ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते पत्रकार लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी १९३० मध्ये पणजीच्या कायदेमंडळात गोव्याच्या स्वयंनिर्णयाचा ठराव मांडला होता. त्यांच्या घराला आपण बिनदिक्कत 'पोर्तुगीज' म्हणून मोकळे व्हायचे?

मातेउशला खरेच आपल्याशी जोडणारा एक धागा आहे. या घराण्यातल्या जुझे मारिया द सोझा बोतेल्यो याने १८१७ मध्ये पॅरिसला कामोंइशच्या 'लुझियाद' महाकाव्याची देखणी सचित्र आवृत्ती काढली. विकायला नव्हे, भेट द्यायला. कामोंइश गोव्यात राहिलेला कवी. मातेउशच्या ग्रंथदालनात ते पुस्तक पाहताना साडेचारशे वर्षांपूर्वीचा मांडवीचा धक्का डोळ्यांपुढे आला, हे कबूल करतो.

लेखमालेचा पुढचा भाग येणार असल्याचे वाचले. त्याच्या मथळ्यात 'गोमंतकीय' हा शब्द यावा, एवढीच विनंती. आणि बाल्कांवचे एखादे छायाचित्र माणसे बसलेली असताना काढता आले तर पाहा. या वेळची सगळी ओस होती.

— एक वाचक, फोंडा