पहिल्या तीन वर्षांचा तोटा कुणाच्या खात्यावर?

मा. कृषिमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

शाश्वत शेतीवरची सरकारी पुस्तिका वाचली. नांगरट कमी करा, जमीन उघडी ठेवू नका, पिकांची फेरपालट करा, पाणी आणि रसायनं मोजून वापरा. यातल्या एकाही वाक्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते न छापलेल्या वाक्याबद्दल. हे सगळं करताना सुरुवातीची दोन-तीन वर्षं उत्पन्न घटलं, तर ते सोसायचं कुणी?

अमेरिकेच्या 1990 च्या शेतीविषयक कायद्यात शाश्वत शेतीची व्याख्या आहे. अन्नाची गरज भागावी, पर्यावरण सुधारावं, पुन्हा भरून न येणारी साधनं जपून वापरावीत, शेती पैशाच्या हिशेबात तगावी आणि शेतकऱ्याचं व समाजाचं जगणं बरं व्हावं, अशी पाच उद्दिष्टं. भाषणांत पहिली तीन हमखास येतात. चौथ्यापाशी वक्त्याला पाण्याचा ग्लास आठवतो.

मला स्वतःला पटलं ते मात्र दोन ग्लासांमुळेच. बांधालगतच्या, वर्षानुवर्षं नांगर न लागलेल्या पट्ट्यातलं एक ढेकूळ घेतलं आणि दरवर्षी नांगरलेल्या रानातलं दुसरं. दोन्ही सावलीत वाळवली आणि जाळीच्या तुकड्यावर ठेवून पाण्यात सोडली. रानातल्या ढेकळातून बुडबुडे आले, कडा सुटल्या आणि पाच मिनिटांत तळाशी गाळ झाला. बांधाचं ढेकूळ अर्ध्या तासानंतरही जसंच्या तसं, पाणी नितळ. मुळं आणि बुरशी मातीच्या कणांना डिंकासारखं धरून ठेवतात. वारंवारच्या नांगरटीने ती पकड सुटते. मग पावसाच्या थेंबांनी रानावर पापुद्रा धरतो, पाणी मुरत नाही आणि वाहताना वरची सुपीक माती घेऊन जातं. ज्या मातीसाठी आम्ही खताच्या गोण्या वाहतो, ती ओढ्याला लागते. गोणीचंही तेच. जगाची सरासरी काढली तर पिकाला दिलेल्या नत्रापैकी, म्हणजे नायट्रोजनपैकी, साधारण निम्मंच पीक घेतं. उरलेल्यातलं बरंचसं पाण्यात झिरपतं किंवा हवेत उडतं, आणि त्यातून तयार होणारा नायट्रस ऑक्साईड कार्बन डायऑक्साईडच्या सुमारे 273 पट तापवणारा. कृषी खातं मात्र किती टन खत वाटलं तेवढंच मोजतं.

ग्लास पाहून मी नांगरट थांबवली. पहिल्या हंगामात तणाने रान खाल्लं. दुसऱ्या वर्षी आच्छादनामुळे उगवण विरळ झाली, मोकळ्या जागी पुन्हा बी टोचून दोनदा नांग्या भराव्या लागल्या. गांडुळं दिसली ती तिसऱ्या वर्षी. मधली दोन वर्षं घर बायकोच्या पगारावर चाललं. ज्याच्या घरात पगार नाही त्याने हा प्रयोग करू नये, असं मी शेजाऱ्यांना सांगतो, आणि ते सांगताना मला लाज वाटते.

श्रीलंकेने एप्रिल 2021 मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली. भात आणि चहा दोन्ही घसरले आणि नोव्हेंबरमध्ये निर्णय मागे घ्यावा लागला. हे उदाहरण देऊन तुमचे सल्लागार ‘बघा, हे जमत नाही’ म्हणतील. सिक्कीमने 2003 साली सेंद्रिय शेतीचा ठराव केला आणि राज्य पूर्ण सेंद्रिय जाहीर झालं 2016 मध्ये, हेही त्यांना आठवू द्या. सिक्कीमचं सगळंच आलबेल आहे असा दावा मी करत नाही. पण तेरा वर्षं आणि सात महिने यात फरक आहे.

माझ्या मते सगळ्यात शहाणा धडा इंडोनेशियाचा. तिथे भातावर तपकिरी तुडतुड्यांचं थैमान होतं आणि सरकारच अनुदान देऊन कीटकनाशकं वाटत होतं. फवारणीत तुडतुडे खाणारे कोळी मरत आणि तुडतुडे आणखी माजत. 1986 मध्ये सरकारने भातावरच्या 57 कीटकनाशकांवर बंदी घातली, पुढच्या दोन-तीन वर्षांत अनुदानही काढून घेतलं आणि बांधावरच शेतकऱ्यांच्या शेतीशाळा भरवल्या. शेतकरी रोपाच्या बुडाशी वाकून कीड किती आणि कोळी किती ते मोजायला शिकले. फवारण्या घटल्या, भात घटला नाही. सरकारने नुसतं सोडायला सांगितलं नाही, सोडल्यावर काय करायचं तेही शेतात उभं राहून शिकवलं.

म्हणून मागणी मोजकी आहे. खत आणि औषधांवर जाणाऱ्या अनुदानाचा एक हिस्सा शेतीची पद्धत बदलणाऱ्या शेतकऱ्याला तीन वर्षं थेट द्या, दरवर्षी थोडा कमी करत. सेंद्रिय प्रमाणपत्रासाठीही दोन-तीन वर्षं थांबावं लागतं. तेवढ्या काळात उत्पन्न कमी आणि वाढीव भावही नाही, असा दुहेरी मार बसतो. पीकविम्याने आंतरपीक आणि फेरपालट करणाऱ्याला अपात्र धरू नये. आणि खात्याच्या वार्षिक अहवालात हेक्टरी उत्पादनाच्या शेजारी दोन रकाने वाढवा, मातीतला सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत साठणारा कार्बन) आणि खर्च वजा जाता शेतकऱ्याच्या हातात उरलेले पैसे.

उत्तर पेरणीच्या आधी मिळालं तर बरं. खताची मागणी मला तेव्हाच नोंदवावी लागते.

आपला,
एक शेतकरी