अण्णा, हळदीचं नाव मी खराब करत नाहीये

कोपनहेगन, रविवार

ती. अण्णा आणि आई,

नमस्कार. फोनवर काही धड बोलणं होत नाही. मागं टीव्ही चालू असतो, आई "जेवलीस काय" च्या पुढं सरकत नाही आणि अण्णा स्पीकरवर आहे म्हणून कळलं की गप्पच होतात, म्हणून लिहिते. जेवते. टोपी घालते. खोली गरम असते. झालं.

आधी तो फोटो. स्टेटसला टाकायला नको होता, मान्य. मला कुणी मारलेलं नाही, खांबाला बांधलं होतं ते चेष्टेत, आणि अंगावर जे काळं दिसतंय ती माती नाही, मिरपूड आहे. नीट सांगते. इथं पंचविसाव्या वाढदिवसाला लग्न झालेलं नसलं की मित्र अंगावर दालचिनी टाकतात आणि तिसाव्याला मिरी. दालचिनी माझी चुकली, तेव्हा मी सांगलीत होते. का टाकतात विचारलं तर म्हणतात, जुने मसाल्याचे व्यापारी सारखे फिरतीवर, लग्नं राहूनच जायची, म्हणून बिनलग्नाच्या गड्याला यांच्या भाषेत मिरीवरूनच शब्द आहे, बाईला पण वेगळा आहे. काहीजण तर तेलाची रिकामी पिंपं एकावर एक रचून, मिरी दळायच्या यंत्रासारखी रंगवून दारात उभी करतात, म्हणजे अख्ख्या गल्लीला कळावं की ह्या घरात तिशीचं कोणतरी बसून आहे. मला पण आधी राग आलेला. पण सगळ्यांचं करतात, आणि डोळ्यावर लॅबचा चष्मा घालू दिला होता. आपल्याकडं लग्न ठरलं की हळद लावतात, इथं ठरलं नाही की मिरी, एवढाच फरक. केसातनं चार दिवस निघत होती.

आता अण्णा तुमचं. काकांनी फॉरवर्ड केलेली बातमी खरी आहे, डेन्मार्कनं 2023 ला अश्वगंधेवर बंदी घातली, पण ती मुख्यतः थायरॉइड आणि हार्मोनच्या काळजीनं, आणि त्यात माझा काडीचा हात नाही. पेठेत लोक तुम्हाला "पोरगी हळदीला विष ठरवायला गेली काय" विचारतात हे दादानं सांगितलं. तुम्ही मला नाही सांगितलं, ते जास्त लागलं. आजोबांनी हरिपूरला जमिनीतल्या हळदीच्या पेवांवर हमाली केली, 2018 ला सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे गावाच्या नावाचा सरकारी शिक्का, मिळालं तेव्हा तुम्ही पेढे वाटलेत, आणि मी काय हळदीवर उठणार आहे?

मी काय करते ते एकदाच सांगते, मग विचारू नका. माणसाच्या लिव्हरच्या पेशी बाटलीत वाढवतो. त्या मूळच्या अर्जेंटिनातल्या एका पंधरा वर्षांच्या पोराच्या, त्याला लिव्हरचा कॅन्सर होता, सत्तरच्या दशकात काढल्या आणि अजून जगभर वाढतायत. 37 डिग्रीला ठेवायच्या, गुलाबी पाणी घालायचं, पिवळं पडलं की बदलायचं. रविवारी पण. आई, तुझ्या गाभण म्हशीएवढी त्यांची सरबराई आहे. मग 96 खणांच्या एका तळहाताएवढ्या प्लेटमध्ये पेशी टाकायच्या, वरनं हळदीचा अर्क, एका रांगेत कमी, पुढच्या रांगेत जास्त, दोन दिवसांनी एक पिवळं रसायन. पेशी जिवंत असली तर ती त्याचं जांभळं करते. जांभळं दिसलं की बरं, नुसतं पिवळंच राहिलं की गेली.

त्यात मागच्या महिन्यात गंमत झाली. सगळ्यात जास्त अर्काच्या रांगेत पण मस्त जांभळं, मी खूश, म्हटलं अण्णांना फोन करावा. मग मॅडमनी शांतपणे शेवटची रांग बघायला सांगितली, जिच्यात पेशी टाकलेल्याच नव्हत्या, नुसता अर्क. ती पण जांभळी! म्हणजे अर्कच रंग बदलत होता, पेशी मेल्या का जगल्या कळायलाच मार्ग नाही. दोन महिन्यांचं काम परत, आता दुसऱ्या पद्धतीनं. टेबल, ग्लोव्ह्ज, माझा पांढरा कोट, सगळं हळदी कुंकवाला जाऊन आल्यासारखं पिवळं झालंय ते वेगळंच.

आणि प्लेटमध्ये सगळं ठीक निघालं तरी "सेफ" म्हणता येत नाही. खऱ्या लिव्हरमधली बरीच एन्झाइम ह्या पेशींत फार कमी असतात, आणि शरीराची प्रतिकारशक्ती तर बाटलीत नसतेच. अमेरिकेत हळदीच्या गोळ्यांनी लिव्हर बिघडलेले दहा जण तपासले तर सात जणांत एकच ठराविक जनुक सापडलं. म्हणजे गोळी तीच, एकाला काही नाही आणि दुसऱ्याला कावीळ. हे माझ्या 96 खणांत कधीच दिसणार नाही. इटलीत 2019 ला अशा बऱ्याच केसेस एकदम आल्या होत्या.

आमटीतली हळद नव्हे हं. आपल्या वाळल्या हळदीत करक्युमिन, म्हणजे तिचा पिवळा रंग देणारं द्रव्य, शंभरात तीनेक भाग. 500 मिलिग्रॅमच्या त्या अर्काच्या कॅप्सूलमध्ये 95 भाग, म्हणजे एका घोटात चार पाच चमचे हळद. त्यात वर मिरीचा अर्क घालतात, कारण नुसतं करक्युमिन अंगी लागत नाही. 1998 ला बंगळुरूच्या लोकांनीच दाखवलं की 20 मिलिग्रॅम पायपेरीन, म्हणजे मिरीतलं तिखट द्रव्य, दिलं तर ते रक्तात वीसपट पोचतं. पेठेत हे सांगा, तुमची हळद सुटते.

आई, आता तुझ्यावर येते, रागावू नको. गुडघ्यासाठी म्हणून मी गेल्या गणपतीत आणलेल्या त्या पिवळ्या कॅप्सूल, डबी काळी, त्यात हळद आणि मिरी दोन्ही आहे. मीच आणल्या, मीच म्हटलं "नैसर्गिक आहे, खुशाल घे". लेबल नीट वाचलंसुद्धा नव्हतं, आणि काम मी हेच करते. तुला काही झालंय असं अजिबात नाही, घाबरू नको. पण तूच म्हणालीस की महिनाभर अन्न नकोसं वाटतंय, दमायला होतंय, आणि ते तू उन्हाळ्यावर ढकललंस. आजपासून बंद कर. उरलेल्या कुणाला देऊ पण नको, मावशीला तर मुळीच नाही. डॉक्टरांना डबी दाखव, लिव्हरची टेस्ट कर. लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे वाटले तर थांबायचं नाही, त्याच दिवशी जायचं. बाकी मजेत आहे मी.

पैसे. 40 हजार दादाच्या खात्यावर टाकलेत, त्यातले पत्र्याचे आधी द्या, टेस्टचे वेगळे पाठवते. परत काम करायचं म्हणून सहा महिने वाढवून मागितलेत, मिळाले तर दिवाळीला येणं नाही. वहिनीला मी सांगेन, तुम्ही नका सांगू. मिरजेच्या स्थळाचं, अण्णा, नाही म्हणत नाहीये, त्याच्याशी एकदा बोलते, पण त्याच्या आईला माझा मिरीचा फोटो तुम्ही दाखवू नका.

आणि आई, रिपोर्टचा फोटो दादाला सरळ धरून काढायला सांग, मागच्या वेळी बरोबर एसजीपीटीचाच, म्हणजे लिव्हरचाच, आकडा कापला गेला होता. मुद्दाम नसेल कापलास.

तुमची,
छोटी