बाबांचा डावा डोळा आणि माझी दोन वर्षं

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही "बरं, ठीक आहे" एवढंच म्हणालात आणि फोन आईकडे दिलात. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.

मी आणखी दोन वर्षं इथल्या प्रयोगशाळेत राहणार आहे. सही सोमवारीच करून टाकली. आधी विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर तुम्ही "राहा" म्हणाला असतात आणि आई रात्रभर जागली असती. त्या मार्चसारखं पुन्हा नको होतं मला.

आई, तुला वाटतं मी काचेच्या तारांशी खेळते. खरंच तसंच आहे गं. साधी ऑप्टिकल फायबर ज्योतीवर तापवून दोन्हीकडून हळूहळू ओढली की मधला भाग जेमतेम 500 नॅनोमीटरचा होतो, केसाच्या शंभराव्या हिश्शाहूनही बारीक. एवढ्याशा तारेत प्रकाश पुरता मावत नाही, थोडा बाहेरून तिला बिलगून जातो. त्या बिलगलेल्या प्रकाशात आम्ही लेझरने थंड केलेले सीझियम या धातूचे अणू धरून ठेवतो.

एकटा अणू ऊर्जा देऊन उत्तेजित केला तर साधारण 30 नॅनोसेकंदांत प्रकाश टाकून मोकळा होतो, कुठल्याही दिशेला. त्यातला शंभरातला एखादा भाग तारेत आला तरी खूप. पण शेकडो अणू एकाच तारेवर असले की एकाचा प्रकाश तारेतून पुढच्यापर्यंत पोचतो, त्यांचा ताल जुळत जातो आणि सगळे मिळून एकदम उजळतात. याला सुपररेडियन्स म्हणतात. भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट डिकी यांनी 1954 मध्ये हे मांडलं, तेव्हा अणू अगदी खेटून असल्याचं धरलं होतं. तारेमुळे लांबलांबचे अणूही एकमेकांना धरून राहतात.

बाबा, अणूंचा प्रकाश किती येतोय ते दाखवणारी पडद्यावरची रेघ एरवी पहिल्या क्षणापासून उतरतच जाते. त्या रात्री ती आधी वर चढली, उंचवटा झाला, मग उतरली. मी खुर्चीतून उठलेच नाही कितीतरी वेळ. आणि ती रात्र तुमच्या उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनची होती. मी तिथे नव्हते, हे मी विसरलेले नाही. अणूंची संख्या कमी-जास्त केली की तो उंचवटा कसा बदलतो, ते आता नीट मोजायचंय. अर्धवट सोडून आले असते तर तुमच्यासमोर बसून सारखी तेच आठवत राहिले असते.

माझी काळजी करू नका. खोली उबदार आहे, जेवण वेळेवर होतं, रात्रीच्या पाळीला कधीच एकटी नसते. आई, तू दिलेली शाल खुर्चीवरच असते.

आता नीट ऐका. बाबा, बादल्या उचलायच्या नाहीत, डोळा चोळायचा नाही, आणि "मला दिसतंय" म्हणून थेंब बंद करायचे नाहीत. आई, बीपीची गोळी दिवसाआड नाही, रोज. माळ्यावर चढायचं नाही, ती पेटी मी आल्यावर काढेन.

डाव्या डोळ्याची तारीख मला विचारल्याशिवाय घ्यायची नाही. तीन आठवड्यांची रजा मिळाली आहे. माझे डोळे आले होते तेव्हा तुम्ही "दहापर्यंत मोज" म्हणायचात आणि सहालाच थेंब टाकायचात. या वेळी थेंब मी घालणार.

तुमची,
चिमी