अपिलाची मुदत हुकूमनाम्यावरच छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाणी न्यायालयात लिपिक म्हणून नोकरी करून मी निवृत्त झालो. आमच्या शेजारी शिवणकाम करणाऱ्या ताई आहेत. त्यांच्यावर कापडाच्या उधारीचा १८ हजारांचा दावा लागला आणि खर्चासह मंजूर होऊन हुकूमनामा (न्यायालयाचा वसुलीचा आदेश) झाला. मुद्दल, व्याज, वर समोरच्याची वकील फी. रोखीने फेडलेले पैसे हिशेबात धरलेच नाहीत, असे त्यांचे म्हणणे. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा अपिलाच्या ३० दिवसांच्या मुदतीतले बरेच दिवस सरले होते आणि निकालाच्या नकलेचा अर्जही दिलेला नव्हता. आपल्या वकिलाला पैसे कुठून द्यायचे, या काळजीतच वेळ गेला.

नक्कल तयार व्हायला लागणारे दिवस मुदतीतून वगळतात. पण अर्ज न देता घरी काढलेले दिवस कोणी वगळत नाही. दुसरा गैरसमज याहून महाग पडतो. अपील दाखल झाले की वसुली थांबली, असे लोक धरून चालतात. स्थगितीचा अर्ज वेगळा द्यावा लागतो, न्यायालय रक्कम भरायला किंवा तारण द्यायला सांगू शकते, आणि स्थगिती मिळेपर्यंत समोरचा दरखास्त (वसुलीचा अर्ज) लावून जप्ती वॉरंट आणू शकतो. शिलाई मशीन कारागिराचे हत्यार म्हणून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० खाली जप्तीतून वगळलेले आहे, हे ऐकून ताईंच्या जिवात जीव आला.

मूळ दावा २५ हजारांपर्यंतच्या वसुलीचा असेल तर उच्च न्यायालयात दुसरे अपील नाही. वकील फी मिळवून आकडा वर गेला तरी मोजतात ती मूळ दाव्याचीच रक्कम. म्हणजे अशा माणसाला जिल्हा न्यायालय हीच शेवटची पायरी, आणि तीच अज्ञानापायी हुकते. याची मला फार चीड येते.

महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. ताईंनी आता नकलेचा अर्ज दिला आहे आणि तालुका विधी सेवा समितीकडेही अर्ज केला आहे. पण हे सांगायला प्रत्येकाच्या शेजारी निवृत्त लिपिक नसतो. पैशाच्या प्रत्येक हुकूमनाम्याखाली अपील कुठे, किती दिवसांत, स्थगितीचा अर्ज वेगळा आणि मोफत वकील कुठे मिळेल, एवढे साध्या मराठीत छापण्याचे आदेश उच्च न्यायालयाने द्यावेत, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन लिपिक