फ्लूची लस आणि तुमचा नकार

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय निघाला की बाबांना टीव्हीवरची बातमी महत्त्वाची वाटू लागते आणि आई "बघू गं" म्हणून मोकळी होते. पत्राला मध्येच तोडता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

फ्लूची लस न घेणारी माणसं अडाणी असतात असं मी मानत नाही. (थोडी हट्टी असतात. बाबा, हे तुम्हाला.) बहुतेकांच्या नकारामागे खरोखर घडलेलं काहीतरी असतं, फक्त त्यातून काढलेला अर्थ चुकतो. आणि तुम्हा दोघांची कारणं वेगळी आहेत, त्यामुळे एकाच उत्तरात दोघांना गुंडाळता येणार नाही.

बाबा, तुम्ही म्हणता, "मागे टोचून घेतली आणि आठवड्याच्या आत तापाने झोपलो." झोपला होतात, ते खरं. पण दंडात टोचतात त्या लसीत जिवंत विषाणू नसतो; मेलेल्या विषाणूचे तुकडे असतात किंवा त्याच्या अंगावरचं एखादं प्रथिन. त्यातून फ्लू होणं शक्यच नाही. दंड दुखतो, कधी कणकण वाटते, एक-दोन दिवसांत जाते. मग तो ताप कुठून आला? लसीचं संरक्षण उभं राहायला साधारण २ आठवडे लागतात, आणि लस घेतो आपण साथीच्या तोंडावर. त्या मधल्या दिवसांत विषाणूने गाठलं तर लसीचा उपयोग होत नाही. शिवाय सर्दी-पडशाचे विषाणूच २०० च्या वर आहेत, त्यांच्याशी या लसीचा संबंध नाही. संशोधकांनी काहींना लस आणि काहींना नुसतं सलाइनचं पाणी टोचून पाहिलं, कुणाला काय टोचलं ते न सांगता. दंडाचं दुखणं आणि लाली लसवाल्यांत जास्त निघाली. ताप, अंगदुखी, खोकला मात्र दोन्हीकडे सारखाच! म्हणजे पाणी टोचून घेतलेलेही "लसीमुळे" आजारी पडले होते.

तुमचा दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे: "दरवर्षी नवी लस काढतात, म्हणजे त्यांनाच खात्री नाही." खरंच नसते. हा विषाणू रूप बदलत राहतो. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत आणि दक्षिणेसाठी सप्टेंबरात, पुढच्या हंगामात कोणते प्रकार घ्यायचे ते सुचवते. लस बनवायला काही महिने लागतात, तेवढ्यात विषाणू पुढे निघून गेलेला असू शकतो. अमेरिकेत २०१४-१५ च्या हंगामात असंच झालं आणि लस जेमतेम १९ टक्के लागू पडली. अंदाज बरोबर ठरला तर ४० ते ६० टक्के. तुम्ही लगेच म्हणाल, चाळीस म्हणजे काठावर पास. पण ज्या दहा जणांना फ्लूने डॉक्टरकडे जावं लागलं असतं, त्यातल्या चौघांना जावं लागत नाही, असा तो आकडा आहे. आणि लस घेऊनही आजारी पडलेल्यांत तो आजार सहसा हलका जातो. मोठ्या वयात लस कमी लागू पडते, हेही मान्य. म्हणूनच ६५ च्या पुढच्यांसाठी चौपट मात्रेची लस निघाली. जवळपास ३२ हजार ज्येष्ठांवरच्या चाचणीत, साध्या लसीच्या तुलनेत, तिने फ्लू २४ टक्क्यांनी कमी केला.

आई, तू कुणाकडून तरी ऐकलंस की लसीने हातपाय लुळे पडतात. ती भीती हवेतून आलेली नाही. १९७६ साली अमेरिकेत एका लष्करी तळावर नव्या प्रकारचा फ्लू सापडला, सरकारने घाईने सुमारे साडेचार कोटी लोकांना लस टोचली, आणि साथ आलीच नाही. उलट गिया-बारे नावाचा नसांचा आजार लाखात एखाद्याला जास्तीचा झाला. डिसेंबरात मोहीम थांबवावी लागली. लोकांनी ते लक्षात ठेवलं, ठेवायलाच हवं होतं. आजच्या लसींत हा धोका आढळला तरी १० लाखांत एक-दोन जणांपुरता, आणि खुद्द फ्लू झाल्यावर हाच आजार होण्याची शक्यता त्याहून जास्त. ज्यांना आधीच्या फ्लूच्या लसीने गंभीर अ‍ॅलर्जी झाली किंवा त्यानंतर ६ आठवड्यांत हा आजार झाला, त्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नये. तू त्यांच्यात नाहीस.

"मी कुठे बाहेर जाते" हे कारण तर राहूच दे. बाहेर जाणारे सगळे तुझ्याकडेच येतात, आणि लक्षणं दिसण्याच्या आदल्या दिवसापासूनच माणूस फ्लू पसरवू लागतो. माझा संशय वेगळाच आहे: तुला सुईची भीती वाटते. त्यात लाजण्यासारखं काही नाही, भल्याभल्यांचं तेच असतं. टोचणाऱ्यांना आधी सांग, आडवी हो, दंड सैल सोड आणि दुसरीकडे बघ.

खरं तर मला काळजी तापाची नाही, बाबांच्या स्टेंटची आहे. कॅनडातला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. फ्लूचं निदान झाल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात हार्ट अटॅक येण्याचं प्रमाण एरवीच्या सुमारे सहापट दिसलं. हे वाचल्यापासून "साधा फ्लू तर आहे" हे वाक्य मला ऐकवत नाही.

पुढच्या तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना विचारा की तुमच्या वयाला जास्त मात्रेची लस मिळेल का. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत हेही सांगा. म्हणजे ते बारीक सुई वापरतील आणि नंतर दोनेक मिनिटं जागा दाबून धरायला सांगतील, चोळायची नाही. त्या दिवशी ताप असेल तर पुढे ढकला.

तरीही नाही म्हणालात तर मी रुसणार नाही. फक्त कारण नवीन द्या, जुनी सगळी वापरून झाली.

तुमची,
धाकटी