हरळीच्या काश्या

दांडिया बाजार, बडोदे
रविवार

प्रिय नंदू,

काल फोनवर तू विचारलंस, "आईची कर्करोगाची गाठ गेली होती ना, मग परत आली कुठून?" आणि मी गप्प बसलो. इतकी वर्षं प्रयोगशाळेत घालवली, पण काकूंचं नाव निघालं की तोंड उघडत नाही. लिहून जमतंय का बघतो.

तुमच्या परसातली हरळी आठव. काकू खुरपून थकायच्या आणि पहिल्या पावसात ती पुन्हा हिरवीगार, कारण काश्या मातीतच. गाठीतही अशा मूठभर मूळपेशी असतात, ज्यांपासून ती पुन्हा उगवते. टोरांटोत जॉन डिक यांच्या गटाने 1994 साली त्या रक्ताच्या कर्करोगात दाखवल्या. 2003 मध्ये स्तनाच्या गाठीतही सापडल्या. केमो भराभर वाढणाऱ्या पेशींना गाठते. यांतल्या बऱ्याच निवांत पडून असतात, म्हणून निसटतात.

निसटल्या तरी आपल्या लढाऊ टी पेशी त्यांना का सोडतात? खरी गोम इथे आहे. आमच्या वाड्यातले अण्णा आठवतात? पोरं हातघाईवर आली की ओट्यावरून नुसतं "पुरे!" म्हणायचे. शरीरातही असे अण्णा आहेत, रेग्युलेटरी टी पेशी. ते नसते तर प्रतिकारशक्ती आपल्याच अवयवांवर उठली असती. जपानच्या शिमोन साकागुची यांनी 1995 मध्ये त्या ओळखल्या आणि 2025 च्या नोबेलमध्ये वाटेकरी झाले.

मूळपेशी सांगावा धाडून नेमक्या या अण्णांनाच बोलावतात. सोबत काही मॅक्रोफेजही, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशीही, फितवतात. मग लढायला आलेल्यांना "पुरे!" ऐकावं लागतं. एवढ्यावर भागत नाही. हे पाहुणे टीजीएफ-बीटा, इंटरल्यूकिन-6 असे पदार्थ सोडतात, त्यांवर मूळपेशींचं मूळपण टिकतं. कधी साधी कर्कपेशीही त्याच वळणावर जाते. की पुन्हा नवे सांगावे. राग येतो रे, सगळी आपलीच माणसं!

म्हणून शेजारच्या मामींचा 'प्रतिकारशक्ती वाढवणारा' काढा गोड बोलून परत कर. शक्ती आहे, तिला गप्प बसवलंय. आणि अण्णांना सरसकट हाकलावं, तर आतडं, थायरॉइड यांवरच हल्ला होऊ शकतो. नवी औषधं देताना डॉक्टर हात आखडता घेतात तो यासाठी. त्यांच्यावर चिडू नकोस.

शुक्रवारी रात्रीच्या गाडीने येतोय. काकूंचं तोंड आलेलं नसेल तर कळव, लीलो चेवडो आणतो. आलं असेल तर तुझ्यापुरता आणतो, पण त्यांच्यासमोर खायचा नाही.

तुझा,
बाळ